बारावीनंतर एक वर्षाचं फूड प्रोसेसिंग सर्टिफिकेट करावं का?

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. यंदा बारावी सायन्स झाली. आई बचत गटातून कोकम सरबत, आमसुलं आणि तळलेले गरे विकते. सलग तीन-चार वर्षं शिकता येईल अशी घरची परिस्थिती नाही. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: एक वर्षाच्या सर्टिफिकेटवर नोकरी लागते का, त्यात नक्की काय शिकवतात, आणि पावसाळा लागला की आईचं सरबत बाटलीत फसफसतं ते यातून थांबेल का. ‘मॅडम, खरं काय ते सांगा’ असं तिने शेवटी लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डबाबंद फळं आणि आंब्याच्या पल्पच्या कारखान्यांत क्वालिटीचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता अशाच कोर्सच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते.

आधी उत्तर देते, कारणं मागून. हे सर्टिफिकेट जरूर कर, पण ज्या ठिकाणी मशीनला आणि उपकरणांना तुझा स्वतःचा हात लागेल तिथेच कर. वर्गात बसून नोट्स उतरवायच्या आणि शेवटी एकदा कारखान्याची सहल, असा कोर्स असेल तर ते वर्ष वाया गेलं म्हणून समज. सर्टिफिकेटने दार उघडतं, पण कारखान्यात तुला ठेवून घेतील ते तुझ्या हाताला काय येतं त्यावर.

एक गोंधळ पहिल्यांदा सोडवायला हवा. ‘सर्टिफिकेट इन फूड प्रोसेसिंग’ या एकाच नावाखाली सध्या तीन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि प्रवेश घेताना कुणी फोड करून सांगत नाही. पहिला प्रकार म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणातलं ‘यूजी सर्टिफिकेट’. पदवीला प्रवेश घ्यायचा, पहिलं वर्ष, म्हणजे किमान 40 क्रेडिट्स (शिकण्याच्या तासांवर मिळणारे श्रेयांक) पूर्ण करायची, उन्हाळ्यात 4 क्रेडिट्सचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करायची आणि बाहेर पडायचं. राष्ट्रीय चौकटीत याची पातळी 4.5 धरतात. कृषी विद्यापीठांच्या नव्या अभ्यासक्रमात बाहेर पडणाऱ्याला दहा आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. दुसरा प्रकार मुक्त विद्यापीठांचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांचे शेती आणि अन्नाशी संबंधित प्रमाणपत्र-पदविका कोर्स असतात, अभ्यासकेंद्रावर जाऊन किंवा घरी बसून करायचे. तिसरा प्रकार आयटीआय, कृषी विज्ञान केंद्रं आणि कौशल्य योजनांमधली प्रशिक्षणं. त्यांची मुदत काही दिवसांपासून वर्षापर्यंत काहीही असू शकते.

यात पहिल्या प्रकाराची एक अडचण आहे, ती माहीत असू दे. पदवीचं पहिलं वर्ष पुढच्या तीन वर्षांची तयारी म्हणून बांधलेलं असतं. त्यात सामान्य रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भाषा, पर्यावरण, संगणक असे विषय बरेच येतात, आणि खरं प्रोसेसिंग, म्हणजे कॅनिंग, सुकवणं, पॅकेजिंग, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षापासून सुरू होतं. म्हणून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हातात कागद विद्यापीठाचा असतो, पण रिटॉर्ट, म्हणजे डबे दाबाखाली तापवायचं यंत्र, तिने पाहिलेलाही नसतो. उलट दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात काम लवकर हातात येतं, पण ती क्रेडिट्स पुढे पदवीला धरतीलच असं नाही. तुला काय हवंय त्यावर निवड ठरेल. पुढे कधीतरी पदवी पूर्ण करायची इच्छा असेल तर पहिला प्रकार घे आणि मशीनवरच्या कामाची कसर उन्हाळ्याच्या इंटर्नशिपमध्ये भरून काढ. शिक्षण इथेच थांबवून आईचा व्यवसाय वाढवायचा असेल तर चांगली प्रयोगशाळा असलेला दुसरा किंवा तिसरा प्रकार पुरेसा आहे.

आता या कागदाने काय मिळत नाही ते. अन्न सुरक्षा कायद्याखाली परवाना घेतलेल्या उत्पादन कारखान्यात उत्पादनावर देखरेख ठेवायला निदान एक तांत्रिक व्यक्ती नेमावी लागते. तिच्याकडे रसायनशास्त्र, जीवरसायन, अन्न-पोषण, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयाची विज्ञान पदवी किंवा फूड टेक्नॉलॉजीची पदवी वा पदविका असावी, असं परवान्याच्या अटींत लिहिलेलं आहे. तिथे पदविकेपर्यंत उल्लेख आहे, सर्टिफिकेटचा नाही. म्हणजे कारखान्याच्या कागदावर ‘टेक्निकल पर्सन’ म्हणून तुझं नाव या एका वर्षावर लागणार नाही. फूड सेफ्टी ऑफिसरच्या सरकारी पदाला तर पदवीच लागते. ‘सर्टिफिकेट करा, फूड इन्स्पेक्टर व्हा’ अशी जाहिरात दिसली तर त्या संस्थेचा नाद सोड.

मग मिळतं काय? माझ्या मते या वर्षात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे: डोळ्यांनी, जिभेने, अंदाजाने जे ठरवतो ते आकड्यात मोजायचं, आणि तो आकडा तिथेच का हवा ते समजून घ्यायचं. तुझ्या आईचं सरबत यासाठी इतकं चांगलं उदाहरण आहे की तेच घेते.

कोकमाच्या सालींत साखर घालून, थर लावून ठेवतात. साखर रस ओढून घेते आणि सात-आठ दिवसांत पाक सुटतो. यात टिकवण्याचं मुख्य काम साखरच करते. पाकात विरघळलेले घन पदार्थ साधारण 65 टक्क्यांच्या वर गेले की जंतूंच्या वाट्याला मोकळं पाणी फार कमी उरतं आणि नेहमीचं यीस्ट तिथे वाढत नाही. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणाच्या काचेवर थेंब टाकला की हे प्रमाण ‘ब्रिक्स’ म्हणून दिसतं. आपल्या अन्न मानकांतही फळाच्या सरबताला किमान 65 टक्के विद्राव्य घन आणि किमान 25 टक्के रस सांगितलेला आहे. पण साली दरवेळी सारख्या रसाच्या नसतात. एप्रिलच्या सुरुवातीचं कोकम वेगळं, पावसाच्या तोंडावरचं पाणीदार कोकम वेगळं. साखर मात्र आई दरवर्षी त्याच मापाने घालते, आणि मग एका पिंपाचा ब्रिक्स 66 येतो तर दुसऱ्याचा 58. चवीला दोन्ही गोडच लागतात, जिभेला हा फरक कळत नाही.

दुसरं, दाट पाक तळाला बसतो आणि पातळ वर राहतो. पिंपाच्या वरच्या भागातून एक थेंब आणि तळातून एक थेंब काचेवर घेऊन बघितलास तर दोन वेगळे आकडे दिसतील. न ढवळता भरलेल्या पहिल्या पाच-पन्नास बाटल्या म्हणूनच आधी फसफसतात.

तिसरं कारण पावसाळ्याचं, आणि मला वाटतं तुमच्याकडे बहुधा तेच घडतंय. 65 ब्रिक्सचा पाक हवेतल्या आर्द्रतेशी देवाणघेवाण करत असतो. हवा कोरडी असेल तर तो पाणी सोडतो, आणि आर्द्रता साधारण 86 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतो. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत ती त्याच्या वर कितीतरी दिवस असते. झाकण सैल असलेल्या पिंपातून रोज थोडं थोडं काढून बाटल्या भरत असाल तर पाकाचा वरचा पातळ थर हवेतलं पाणी पिऊन आणखी पातळ होतो. सगळ्या पिंपाचा ब्रिक्स मोजला तर बरोबर येईल, पण वरच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये यीस्टला हवं तेवढं पाणी मिळालेलं असतं, आणि वाढ तिथूनच सुरू होते. बाटल्या धुऊन नीट न सुकवता भरल्या तरी हेच होतं. तेव्हा सगळं सरबत मेअखेर, ढवळून, ब्रिक्स बघून, पूर्ण कोरड्या बाटल्यांत एकदमच भरून टाका आणि पिंप पावसाळ्यात उघडं ठेवू नका. एवढ्याने तुमचा निम्म्याहून जास्त त्रास जाईल.

प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं ठरवलं तर तिथेही शिक्षण उपयोगी पडतं. बाजारात कुणीही ‘केएमएस टाका’ म्हणून सांगतो. केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आंब्याच्या किंवा लिंबाच्या स्क्वॉशला चालतं. कोकमात घातलं तर त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड कोकमाचा लाल रंग उडवतो. कोकम, जांभूळ, करवंद अशा रंगीत फळांना सोडियम बेंझोएट वापरतात, आणि तेही आम्लधर्मी पदार्थातच काम करतं. त्याचा हिशेब बघ. समजा 50 किलो मालाला 600 पीपीएम बेंझोइक आम्ल घालायचंय. 600 पीपीएम म्हणजे किलोला 600 मिलिग्रॅम, म्हणून 50 किलोला 30 ग्रॅम. पण डब्यात असतं ते सोडियम बेंझोएट आणि त्यात बेंझोइक आम्लाचा वाटा साधारण 85 टक्के. म्हणून वजन करायचं 35 ग्रॅमच्या थोडं वर. मुलं इथे 30 ग्रॅमच टाकतात. कुणी चमच्याने टाकतं, ते तर सरळ कायदा मोडणं झालं, कारण ग्रॅमचा काटा चुकला की मर्यादा ओलांडली जाते. तुमच्या पदार्थाच्या गटाला किती मर्यादा आहे ते मात्र एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, चालू नियमांत बघूनच आकडा धरायचा, माझ्या उदाहरणातून उचलायचा नाही.

अशा गणिताला घाबरू नकोस, सगळं आठवीच्या शेकडेवारीतलं आहे. जॅमचंही तसंच. 45 किलो आंब्याचा पल्प 16 ब्रिक्सचा असेल तर त्यात घन पदार्थ 7.2 किलो. त्यात 55 किलो साखर घातली की एकूण घन 62.2 किलो. जॅम 68 ब्रिक्सला उतरवायचा असेल तर 62.2 भागिले 0.68, म्हणजे साडेएक्क्याण्णव किलो जॅम मिळणार. म्हणजे कढईत 100 किलो गेलं आणि साडेआठ किलो पाणी वाफ होऊन उडालं. हा आकडा आधी काढता आला तर किती बाटल्या मागवायच्या, एका बाटलीला खर्च किती पडणार, हे गॅस पेटवायच्या आधी कळतं. बचत गटांचे किती तरी चांगले पदार्थ केवळ हा हिशेब न केल्यामुळे तोट्यात विकले जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मेहनत त्या बायकांचीच जास्त असते.

जॅमवरून आणखी एक सांगते, कारण मुलांना ‘का’ समजलं की नाही ते मी यावरूनच तपासते. पुस्तकात लिहिलेलं असतं की जॅम 105 अंश सेल्सिअसला उतरवा. रत्नागिरीत ते बरोबर आहे. हीच कृती घेऊन कुणी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचा जॅम करायला गेलं तर फसतं. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणीच साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. जॅमचा खरा बिंदू ‘त्या ठिकाणी पाणी जिथे उकळतं त्याच्या पाचेक अंश वर’ असा असतो, म्हणजे तिथे शंभर-एकशे एक. 105 येईपर्यंत आटवत बसलं तर पाणी इतकं उडतं की जॅम घट्ट गोळा होतो आणि थोड्याच दिवसांत बरणीत साखरेचे कण दिसायला लागतात. थर्मामीटरवर भिस्त ठेवण्याऐवजी रिफ्रॅक्टोमीटर घेतला तर गाव कुठलं का असेना, 68 म्हणजे 68. फक्त थेंब गरम गरम काचेवर टाकायचा नाही. चमच्यात थंड होऊ द्यायचा, नाहीतर आकडा चुकीचा येतो.

प्रॅक्टिकलमध्ये आम्लता काढायला शिकवतात: रसात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वरून ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड, गुलाबी रंग आला की थांबायचं. लिंबाच्या रसाला हे झकास जमतं. कोकमाला ही पद्धत जशीच्या तशी लावली तर गुलाबी कधी आलं ते दिसणारच नाही, कारण रस आधीच लाल आणि अल्कली पडत गेली की आणखी रंग बदलणारा. तिथे रस भरपूर पातळ करतात किंवा पीएच मीटर (आंबटपणा आकड्यात दाखवणारं यंत्र, जितकं आंबट तितका आकडा कमी) लावून 8.2 ला थांबतात. ज्या कॉलेजात हे कोकमावर करून दाखवतात तिथे शिकवणारा माणूस कामातला आहे असं समजायला हरकत नाही.

आता एक धोक्याची गोष्ट, इथे मी कडक बोलते. तुमच्याकडे फणस भरपूर. आज ना उद्या कुणीतरी सुचवेल की कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी किंवा गरे पाण्यात घालून बाटलीबंद करून मुंबईला पाठवा. कोकम, आंबा, आवळा ही आंबट फळं आहेत, त्यांचा पीएच 4.6 च्या खाली असतो. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू त्या आंबटपणात वाढू शकत नाहीत, म्हणून आंब्याचा पल्प उकळत्या पाण्याच्या तापमानाला प्रक्रिया करून सुरक्षित राहतो. फणस, अळू, मका, मटार, मशरूम यांचा पीएच 4.6 च्या वर असतो. बाटलीत हवा नाही, आंबटपणा नाही, म्हणजे त्या जंतूला हवी तशी जागा. उकळत्या पाण्यात तासभर ठेवूनही त्याचे बीजाणू मरत नाहीत. त्याला दाबाखाली 121 अंश आणि डब्याच्या अगदी मध्यापर्यंत सुमारे तीन मिनिटं तेवढी उष्णता पोहोचावी लागते. त्याचं विष माणसाला मारतं, आणि अन्नाला वास येईलच, डबा फुगेलच असं नाही. दुसरा मार्ग म्हणजे सायट्रिक आम्ल घालून आतल्या तुकड्यापर्यंत पीएच 4.6 च्या खाली आणणं आणि ते मीटरवर तपासणं. हे दोन्ही नीट शिकल्याशिवाय कमी आंबट पदार्थ बाटलीत भरून विकायचा नाही. तळलेले गरे, फणसपोळी, सुकवलेली कुयरी हे करा, त्यात हा प्रश्न येत नाही.

आंब्यातही हंगामाच्या शेवटी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. पाऊस तोंडावर आला की अति पिकलेला माल एकदम येतो, हापूसचा पीएच वर सरकतो आणि सायट्रिक आम्लाचं प्रमाण बॅचगणिक बदलावं लागतं. मी होते त्या एका कारखान्यात सर्टिफिकेट करून आलेल्या मुलीने रात्रपाळीला पीएच 4.4 आल्यावर, म्हणजे 4.6 च्या फार जवळ गेल्यावर, भरणी थांबवली. सुपरवायझर वैतागला, लाइन उभी होती, आंबा पडून होता. तिने बफरने, म्हणजे पीएच माहीत असलेल्या द्रावणाने, मीटर पुन्हा जुळवून घेतला, पुन्हा मोजला, तोच आकडा आला, मग आम्ल वाढवलं आणि 3.9 आल्यावर लाइन सोडली. लॉगबुकात वेळ घालून सही केली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तो कागद पाहिला आणि तिला हंगाम संपल्यावरही ठेवून घेतलं. नोकरीच्या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणून हीच गोष्ट सांगावीशी वाटते.

अभ्यासक्रमात याशिवाय धान्य-डाळींची प्रक्रिया, दूध, बेकरी, मसाले, पॅकेजिंग, लेबलचे नियम असं बरंच असतं. ते थोडं थोडं सगळं होतं, त्यावर इथे जास्त लिहीत नाही. स्वच्छतेवर मात्र लिहिते, कारण मुली येतात तेव्हा त्यांना वाटतं आपण लॅबमध्ये पांढरा कोट घालून बसणार. कारखान्यात निम्मं काम धुण्याचं असतं. क्रेट धुणं, फळ क्लोरीनच्या पाण्यातून काढणं, पल्पर (गर काढायचं मशीन) उघडून जाळी घासणं, पाइपलाइनमधून गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवून मग पाण्याने पूर्ण निघेपर्यंत खळाळणं, निघालं की नाही ते पीएच पट्टीने बघणं. अंगठी, बांगड्या, टिकली काढून आत जायचं. ज्याला हे कमीपणाचं वाटतं त्याने या क्षेत्रात येऊ नये. ज्याला यात रस वाटतो तो फार पुढे जातो.

कॉलेज कसं निवडायचं? माहितीपत्रक वाचून नाही, प्रत्यक्ष जाऊन. प्रयोगशाळा दाखवा म्हणावं. पीएच मीटर बघ: इलेक्ट्रोडचं टोक द्रावणात बुडालेलं आहे की कोरडं पडलंय, शेजारी पीएच 4 आणि 7 च्या बफरच्या बाटल्या उघडलेल्या आहेत का. कोरडं इलेक्ट्रोड म्हणजे इथे कुणी बरेच दिवस काही मोजलेलं नाही. स्टीम केटल, पल्पर, ड्रायर, सीमर (डबा बंद करायचं मशीन), रिटॉर्ट यांतलं काय चालू आहे ते विचार आणि लॉगबुकातली शेवटची तारीख बघ. मशीन नवी कोरी चकचकीत असली तर मला उलट शंका येते. एका रिफ्रॅक्टोमीटरवर किती मुलं असतात ते तिथल्या विद्यार्थ्यांना विचार, शिक्षकांना नको. मटार ब्लांच केल्यावर, म्हणजे उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढल्यावर, त्यावर ग्वायकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून तांबूस-तपकिरी रंग येतो का ते तुम्ही स्वतः केलंय का, असंही विचार. रंग आला म्हणजे एन्झाइम अजून जिवंत आहे, ब्लांचिंग कमी पडलंय. ही दोन मिनिटांची चाचणी. ज्यांनी स्वतः केलीय ती मुलं ती पटकन आणि उत्साहाने सांगतात.

इंटर्नशिपचं आधीपासून ठरव. परीक्षा एप्रिल-मेमध्ये संपतात आणि तेव्हाच आपल्याकडे आंब्याच्या कारखान्यांचा जोर असतो. 4 क्रेडिट्स म्हणजे साधारण 120 तास, आठ तासांच्या पंधरा पाळ्या. तेवढ्यावर थांबू नकोस, अख्खा हंगाम राहा. एकच विभाग न धरता मालाच्या धक्क्यापासून सुरुवात कर. आढीतला आंबा कसा निवडतात, किती किलो आंब्यातून किती पल्प आला, कोय आणि सालीचं वजन किती गेलं, हे रोज लिहून ठेव. सीमिंगवर असशील तर बंद केलेला डबा करवतीने कापून त्याच्या कडेचे दोन हूक एकमेकांत किती अडकलेत ते मोजायला शीक. ही कडा म्हणजे डबल सीम. ती सैल राहिली तर आतलं सगळं चांगलं काम फुकट जातं. असं प्रत्यक्ष मोजलेलं आहे असं मुलाखतीत सांगू शकणाऱ्या मुली फार थोड्या असतात.

नोकरी पहिल्यांदा लागेल ती लाइन ऑपरेटर, पॅकिंग, स्टोअर किंवा क्वालिटीत मदतनीस म्हणून. फळांच्या कारखान्यात बरंचसं काम हंगामी असतं, बेकरी, डेअरी, मसाले, नमकीन यांत वर्षभराचं. पगाराबद्दल आधी स्पष्ट बोलायचं, पीएफ कापतात का ते विचारायचं, आणि रात्रपाळी असेल तर मुलींना ने-आण करायला कंपनीची गाडी आहे का हे आईवडिलांसमोर विचारायचं. यात संकोच करण्यासारखं काही नाही. चांगले कारखाने हे प्रश्न ऐकून नाराज होत नाहीत.

व्यवसायाकडे वळलीस तर सुरुवात सोपी आहे. छोट्या उलाढालीच्या उत्पादकाला एफएसएसएआयची नोंदणी पुरते, पूर्ण परवाना लागत नाही, त्यामुळे वर सांगितलेली तांत्रिक व्यक्तीची अटही लागू होत नाही. नोंदणीचा 14 अंकी क्रमांक लेबलवर यायला हवा, सोबत घटक, निव्वळ वजन, तारीख, बॅच क्रमांक. केंद्राच्या 2020 मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, असं कर्जाला जोडलेलं अनुदान ठेवलं होतं, आणि बचत गटांच्या सभासदांसाठी खेळतं भांडवलही. अर्ज करताना योजना चालू आहे का आणि सध्याच्या अटी काय ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घे. पण अनुदान मिळतंय म्हणून मोठं मशीन घेऊ नका. आधी दोन हंगाम सगळ्या बाटल्या एकसारख्या निघू देत. मशीनची मागणी मग तुमचा मालच करेल.

भाषेचं म्हणशील तर मुक्त विद्यापीठाची बरीच पुस्तकं मराठीत आहेत. पदवीच्या वर्गात शिकवणं इंग्रजीत चालतं. कारखान्यात बोलणं मराठी-हिंदीत आणि लिहिणं इंग्रजीत. लॉगबुकाला लागणारे शब्द पन्नास-साठच असतात, महिन्याभरात अंगवळणी पडतात. इंग्रजीमुळे या क्षेत्रातून मागे फिरलेल्या मुली मी पाहिल्यात आणि ते अगदी विनाकारण होतं.

शेवटी कागदपत्रांचं. यूजी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलीस तर नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. त्यासाठी तुझी क्रेडिट्स अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेली असायला हवीत. कॉलेज ‘करतो’ म्हणतं आणि राहून जातं, म्हणून प्रत्येक सत्राचा निकाल लागला की स्वतःच्या खात्यात लॉगिन करून आकडा बघ. दाखल्यावर विद्यापीठाचं नाव, क्रेडिट्स आणि पातळी छापलेली आहे ना, तेही प्रवेशाआधी मागच्या वर्षीच्या कुणाचा तरी दाखला बघून खात्री कर. प्रवेशाच्या वेळी बारावीची मूळ गुणपत्रिका दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत घ्यायची. काही संस्था ती ठेवून घेतात आणि मध्येच सोडताना वर्षाची फी मागतात. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा नियमाने जमा करावा लागतो, त्याची पोच घे.